खाट क्रमांक आणि माणूस

मंडळी, आपल्याकडे वृद्धाश्रमांचा इतिहास म्हणजे बहुतेक आकड्यांचाच. १९६३ पासून महाराष्ट्र सरकारने वृद्धाश्रमांसाठी संस्थांना अनुदान द्यायला सुरुवात केली. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. २००७ च्या केंद्रीय कायद्याने तर जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय व्हावी असं सांगितलं. म्हणजे दीडशे खाटा, दीडशे ताटं. चांगलंच आहे. पण त्या खाटेवरचा माणूस कोण?

१९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे गरिबांसाठीच्या जुन्या इस्पितळातले ७१४ रुग्ण सोपवले गेले. बरेचसे म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणात. बाईंनी एकेकाला तपासलं, प्रत्येकाचं काय करता येईल ते ठरवलं. कित्येक जण चालू लागले, घरीही गेले! पुढे १९८७ मध्ये अमेरिकेने कायदाच केला : शुश्रूषागृहातल्या प्रत्येकाची स्वतंत्र लेखी काळजी-योजना हवी.

आता आमच्या धर्माबादचं म्हातारं माणूस घ्या. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, १९६० पर्यंत मुंबई राज्य आणि नंतर महाराष्ट्र. घर तेच, राज्यं चार! शेजारचं मुधोळ, भैंसा १९५६ मध्ये आंध्रात गेलं, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. बाजारात मराठी, घरात तेलुगू, निजामाच्या कचेरीत उर्दू. अशा माणसाच्या अर्जावर 'मातृभाषा' या रकान्यात एकच शब्द लिहायला जागा असते.

आमची आत्या सध्या पुण्याकडे एका वृद्धाश्रमात आहे. स्मृती विरते तेव्हा लहानपणची भाषा बरेचदा शेवटपर्यंत टिकते. आत्या रात्री 'नीळ्ळु, नीळ्ळु' म्हणायची. तिथल्या मुलींना वाटायचं, बडबडतेय. ती पाणी मागत होती हो!

म्हणून चुलतबहिणीने आणि मी एक पान लिहून दिलं. तहान-भूक तेलुगूत सांगते. ज्वारीची भाकरी कुस्करून द्यावी. 'आजी' नको, 'अक्का' म्हणावं. पहाटे चारला उठते, तो आजार नव्हे, जन्माची सवय आहे. मुलींनी ते पान खाटेशेजारी चिकटवलंय.

नातेवाइकांनो, तुम्हाला तिच्याबद्दल आणखी काही आठवत असेल तर कळवा. पानावर अजून जागा आहे.