करसल्लागाराचा सर्व्हर : वेगाआधी टिकाव

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णेच्या पाण्याने सांगलीतील आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ हा व्यापारी भाग पाण्याखाली गेला. त्या वर्षी वैयक्तिक प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत होती. म्हणजे पूर आला तो ऐन हंगामात. केंद्र सरकारने सांगली, सातारा, कोल्हापूर आदी पूरग्रस्त जिल्ह्यांना जुलै महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रासाठी २० सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून दिली. मुदत अशी वाढवून मिळते. भिजलेल्या हार्ड डिस्कवरचे हिशेब मात्र कोणत्याही अधिसूचनेने परत मिळत नाहीत. करसल्लागाराच्या लहान कार्यालयासाठी सर्व्हर निवडताना विचाराची सुरुवात येथून व्हायला हवी.

सर्व्हर खरोखर हवा का?

दोन-तीन संगणकांच्या कार्यालयाला स्वतंत्र सर्व्हरची गरज बहुधा नसते. एका चांगल्या संगणकावर किंवा नेटवर्कला जोडायच्या दोन डिस्कच्या साठवण-पेटीवर त्यांचे काम भागते. पाच ते दहा जण एकाच वेळी टॅलीच्या बहुवापरकर्ता आवृत्तीत किंवा करगणनेच्या आज्ञावलीत काम करू लागले, की चित्र बदलते. साध्या विंडोज संगणकावरील फाइली एका वेळी फार तर २० जोडण्यांनाच उघडता येतात. शिवाय ज्या संगणकावर कारकून दिवसभर टंकलेखन करतो, तोच सर्वांच्या हिशेबाचा आधार ठेवणे धोक्याचे असते. तो चुकून बंद झाला, तर साऱ्या कार्यालयाचे काम थांबते.

विदा थोडी, मोल मोठे

विक्रेता बहुधा प्रोसेसरच्या वेगापासून बोलायला सुरुवात करतो. करसल्लागाराने आधी स्वतःच्या विदेचे आकारमान मोजावे. समजा, ३०० अशील आहेत आणि प्रत्येकाचे हिशेब, बँक उताऱ्यांच्या व कागदपत्रांच्या स्कॅन प्रती मिळून वर्षाला ५० मेगाबाइट जागा लागते. वर्षाचे होतात १५ गिगाबाइट, आठ वर्षांचे १२०. म्हणजे एक टेराबाइटची डिस्कही पुरून उरते. कामही जड नसते. आकडेमोड थोडी आणि फाइलींची उघडझाप जास्त. त्यामुळे दहा जणांच्या कार्यालयाला चार ते आठ गाभ्यांचा एकच प्रोसेसर आणि १६ ते ३२ गिगाबाइट मेमरी पुरेशी ठरते. दोन प्रोसेसरचे अवजड यंत्र म्हणजे केवळ विजेचे बिल आणि पंख्यांचा आवाज.

ही विदा टिकवावी मात्र दीर्घकाळ लागते. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपन्यांच्या हिशेबवह्यांसाठी ही मुदत आठ आर्थिक वर्षांची आहे. सर्व्हरचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचे. म्हणजे विदा यंत्रापेक्षा जास्त जगणार, हे गृहीत धरूनच खरेदी करावी.

पैसा कोठे खर्च करावा?

प्रोसेसरवर वाचलेले पैसे तीन ठिकाणी घालावेत. पहिले, ईसीसी प्रकारची मेमरी. साठवताना एखादा अंश उलटला, तर ही मेमरी चूक ओळखून दुरुस्त करते. आकड्यांच्या कामात अशी मूक चूक सर्वांत घातक, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे, दोन समान डिस्कची 'रेड-१' रचना. प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. एक बंद पडली तरी काम चालू राहते. डिस्क सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडी असाव्यात. वीज अचानक गेल्यास हाती असलेली नोंद पूर्ण करण्याची सोय अशा बऱ्याच डिस्कमध्ये असते. घरगुती डिस्कमध्ये ती सहसा नसते.

तिसरे, जागेवर येऊन दुरुस्ती करून देणारी किमान तीन वर्षांची हमी. येथे एक प्रश्न आवर्जून विचारावा : अभियंता आणि सुटे भाग कोठून येणार? साताऱ्याला पुण्याहून, सांगलीला कोल्हापूरहून यायचे असल्यास 'दुसऱ्या दिवशी दुरुस्ती' या शब्दांचा अर्थ लेखी घ्यावा. जीएसटीआर-३बी भरण्याची २० तारीख अभियंत्याची वाट पाहत नाही.

रॅकमध्ये बसणारा सर्व्हर लहान कार्यालयाला गैरसोयीचा. उभ्या पेटीचा सर्व्हर शांत असतो आणि त्याला वेगळी खोली लागत नाही. आज्ञाप्रणालीच्या परवान्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा. विंडोज सर्व्हरच्या नेहमीच्या आवृत्तीत यंत्राशिवाय प्रत्येक वापरकर्त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. २५ वापरकर्त्यांपर्यंतची 'इसेन्शियल्स' आवृत्ती यंत्रासोबत मिळते का, ते विचारावे.

सातारा : विजेचा प्रश्न

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसल्याने सांगलीसारखा पुराचा धोका तेथे नाही. तेथे काळजी विजेची. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर कडाडणाऱ्या विजा आणि खंडित पुरवठा हा नेहमीचा अनुभव. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवू नये. ऑनलाइन प्रकारचा यूपीएस घ्यावा. शंभर वॉट घेणाऱ्या सर्व्हरला एक केव्हीएचा यूपीएस पुरतो. त्याचे काम दिवसभर वीज देणे नाही, तर पंधरा-वीस मिनिटांत सर्व्हर नीट बंद होऊ देणे. त्यासाठी यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडून आपोआप बंद होण्याची व्यवस्था करावी, कारण वीज रात्रीही जाते. बॅटरी साधारण तीन वर्षांनी बदलावी. यंत्र बसवण्याआधी वीजतंत्रीकडून अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग नीट नसेल, तर महागडा यूपीएसही पूर्ण संरक्षण देत नाही.

सांगली : पाण्याचा प्रश्न

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वेळा कृष्णेने ५० फुटांची पातळी ओलांडली. तेथे तळमजल्यावर सर्व्हर ठेवू नये. टेबलावर ठेवणे हा उपाय नव्हे. वरचा मजला मिळत नसेल, तर दोन माणसांना उचलून नेता येईल असे हलके यंत्र घ्यावे आणि तारांवर नावे लिहून ठेवावीत. पाणी ४० फुटांवर गेले की सर्व्हर कोणी बंद करायचा आणि कोठे न्यायचा, हे पावसाळ्याआधीच ठरलेले असावे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि आज्ञावल्यांच्या परवान्यांच्या चाव्याही त्याच पिशवीत असाव्यात.

प्रत म्हणजे दुसरी डिस्क नव्हे

रेड रचना असली म्हणजे बॅकअप झाला, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने नेटवर्कमधून एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी घेत फाइली कुलूपबंद केल्या. म्हणून विदेच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा. दोन बाह्य डिस्क आळीपाळीने वापराव्यात. एक जोडलेली, दुसरी कार्यालयाबाहेर. सातारा व सांगली या दोन्ही ठिकाणी शाखा असलेल्या कार्यालयाला तर सोय हाताशीच आहे. सव्वाशे किलोमीटरवरील दोन गावांत पाणी आणि वीज एकाच वेळी घात करण्याची शक्यता कमी. एकाची कूटबद्ध प्रत रोज रात्री इंटरनेटवरून दुसरीकडे जाऊ द्यावी.

इंटरनेटवरील भाड्याच्या साठवणीचाही यासाठी उपयोग होतो. मात्र अशील कंपनी असेल, तर हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवण्याचा नियम २०२२ पासून लागू आहे, हे ध्यानात ठेवावे. पॅन, आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक ज्या डिस्कवर आहेत, ती कूटबद्ध नसेल तर तिची चोरी म्हणजे शेकडो अशिलांची चोरी ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे.

दर तीन महिन्यांनी एका अशिलाची विदा बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

दरपत्रक मागवताना

दरपत्रकात यंत्र, यूपीएस, बॅकअपच्या डिस्क, परवाने आणि तीन वर्षांची सेवा यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. एकूण रक्कम अंदाजपत्रकाबाहेर जात असेल, तर कात्री प्रोसेसरला लावावी. यूपीएस आणि बॅकअपला नव्हे. खरेदी व मांडणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकावी. एप्रिलनंतर वळीव, जूननंतर नदी आणि जुलैत विवरणपत्रे, असा या दोन जिल्ह्यांतील करसल्लागाराचा क्रम असतो. नव्या यंत्रातील उणिवा त्याआधीच उघड झालेल्या बऱ्या.