‘सेफ’मधली इमेज लिनक्स सर्व्हरला डिस्क म्हणून कशी जोडतात?

सर्व्हरची हार्ड डिस्क भरली की नवी बसवायची, हा नेहमीचा उपाय. पण ती डिस्क त्या एकाच मशीनची राहते. मशीन बंद पडलं की डेटाही अडकला. म्हणून अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून एकच मोठा साठा करतात आणि त्यातला हवा तेवढा भाग हव्या त्या मशीनला देतात. ‘सेफ’ ही ओपन सोर्स प्रणाली हेच काम करते. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत पीएचडी करताना ती उभारली. २०१४ मध्ये त्यांची इंकटँक कंपनी रेड हॅटने घेतली. अणुसंशोधन करणारी सर्न ही संस्थाही सेफ वापरते.

इमेज म्हणजे काय?

इमेज म्हणजे साठ्यातली आभासी डिस्क. तिचे साधारणपणे ४ एमबीचे तुकडे पडतात. १०० जीबीच्या इमेजचे जास्तीत जास्त २५,६०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर राहतात. लिहिलं जाईल तेवढीच जागा लागते. मात्र इमेज पूर्ण भरली की तीन प्रती मिळून ३०० जीबी खर्ची पडतात.

जोडणी कशी होते?

आधी ‘आरबीडी क्रिएट’ या कमांडने इमेज तयार करायची, मग ‘आरबीडी मॅप’ने ती जोडायची. ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘आरबीडी०’ नावाची डिस्क दिसू लागते. पहिल्या वेळी तिच्यावर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ फाइल सिस्टीम घालून ती माउंट करायची. पुढे ती घरच्या डिस्कसारखीच वापरता येते. हे काम लिनक्स कर्नल स्वतः करतो. कर्नल जुना असेल तर इमेजमधल्या काही नव्या सोयी त्याला कळत नाहीत आणि मॅप करताना एरर येते. अशा वेळी त्या सोयी बंद करायच्या किंवा ‘आरबीडी-एनबीडी’ हा दुसरा मार्ग धरायचा.

सगळ्यात मोठा धोका

एकच इमेज दोन मशीनवर मॅप होऊ शकते, आणि घात तिथेच होतो. एकाच खतावणीत दोन कारकून एकमेकांना न विचारता नोंदी करू लागले तर हिशेब जुळेल का? तसंच इथे. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ एका वेळी एकाच मशीनसाठी बनलेल्या आहेत. दोन्हीकडून लिहिलं गेलं तर फाइल सिस्टीम बिघडते, डेटा जातो. ‘एक्स्क्लुझिव्ह लॉक’ चालू असलं तरी दुसऱ्या मशीनने मागितल्यावर ते आपोआप तिकडे जातं. म्हणून मॅप करतानाच ‘एक्स्क्लुझिव्ह’ हा पर्याय द्यावा.

हेही लक्षात ठेवा

- मशीन रीस्टार्ट झालं की मॅपिंग जातं. ते आपोआप व्हावं यासाठी ‘आरबीडीमॅप’ सेवेच्या फाइलमध्ये इमेजची नोंद करावी लागते.
- काढताना आधी अनमाउंट, मग ‘आरबीडी अनमॅप’. क्रम चुकला तर डिस्क वापरात असल्याची एरर येते.
- साठा सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच इमेज मॅप करू नये. मेमरी कमी पडली तर दोन्ही कामं एकमेकांसाठी अडून बसतात.

तीन प्रती आहेत म्हणून बॅकअप नको, असं मात्र समजू नये. चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून पुसली जाते. वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअपच तेव्हा कामी येतो.