वयाचा दाखला

मुलांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवण्याचे कायदे आज अनेक देशांत होत आहेत. त्यांत काय चांगले व काय वाईट याची चर्चा पुष्कळ होते. पण पडद्यापलीकडे मूल बसले आहे की प्रौढ, हे ओळखावयाचे कसे, या प्रश्नावर असे कायदे पूर्वीही अडले आहेत.

१९९८ साली अमेरिकेने कायदा केला, की १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये. कायदा माहितीच्या व्यापारापुरता होता. कंपन्यांनी मात्र १३ वर्षांखालील मुलांस प्रवेश नाही अशी ओळ लिहिली व जन्मसाल विचारले. मुलांनी खोटे साल सांगितले. एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले! १३ ही मर्यादा रूढ झाली ती अशी.

दक्षिण कोरियाने कडक मार्ग धरला. तेथे प्रत्येक नागरिकाच्या नोंदणी-क्रमांकात जन्मतारीख गोवलेली असते. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर मत लिहावयाचे तर ओळख पटवावी लागे. नोव्हेंबर २०११ पासून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत आंतरजालावरील खेळ बंद झाले. मुलांनी आईबापांचे क्रमांक वापरले, मुलेच ती! पण त्याआधीच, जुलैमध्ये, ‘सायवर्ल्ड’ व ‘नेट’ या सेवांच्या सुमारे ३.५ कोटी सभासदांची माहिती चोरीस गेली होती, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा होती सुमारे ५ कोटी. २०१२ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने ती ओळखसक्ती रद्द केली. खेळांवरील रात्रबंदीही २०२२ च्या आरंभी उठली.

ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केलेला कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. १६ वर्षांखालील मुलांस खाते नाही; दंड कंपनीस, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत; मुलास वा पालकास शिक्षा नाही. केवळ सरकारी ओळखपत्राचाच आग्रह कंपनीने धरू नये, असेही त्यात आहे. हा मला त्यातील शहाणपणाचा भाग वाटतो. तथापि मग उरतो चेहऱ्यावरून बांधलेला अंदाज, आणि १५ व १६ यांतला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतो.

आपल्याकडील २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास मूल ठरविले असून, त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. ज्या घरात एकच फोन आई, मुलगा व धाकटी बहीण यांच्या हाती फिरतो, तेथे ती संमती नेमकी कोणी दिली, हे कंपनीस कळण्याचा मार्ग मला दिसत नाही.