जुनी नावं पुन्हा पाळण्यात

मागच्या महिन्यात सिंगापूरहून, चोआ चू कांगला राहणाऱ्या माझ्या नातीचा फोन आला. मुलगा झाला होता. आठव्या दिवसाच्या ब्रित मिलाची तयारी चालली होती आणि नाव ठरत होतं. ती म्हणाली, "आजी, आम्ही एकदम नवीन नाव शोधलंय. हल्ली सगळीकडे ठेवतात. एझेकिएल."

मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. एझेकिएल माझ्या वडिलांचं नाव. माझ्या आजोबांच्या आजोबांना गावात हसाजी म्हणत, तेही तेच नाव. नातीला यातलं काही ठाऊक नव्हतं. चूक तिची नव्हती. मी कधी बसून सांगितलंच नव्हतं.

असं बऱ्याच घरांत होत असेल. म्हणून आपली जुनी नावं कोणती, ती बदलली कशी आणि आता परत कशी येत आहेत, हे एका ठिकाणी लिहून ठेवते. नातवंडांना वाचून दाखवायला उपयोगी पडेल.

चोआ चू कांग म्हणजे काय

हे नाव चिनी आहे. चोआ किंवा चुआ हे आडनाव, चू म्हणजे घर किंवा वस्ती, आणि कांग म्हणजे नदी. चुआ घराण्याची नदीकाठची वस्ती, असा त्याचा अर्थ. तिकडे आडनावावरून गावाचं नाव पडलं. आपल्याकडे गावावरून आडनाव पडलं. किहीमचे ते किहीमकर, दिवे आगरचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, चौलचे ते चेऊलकर.

सिंगापूरमधला जुना ज्यू समाज मुख्यतः बगदादी. त्यांची मागेन आबोथ ही मशीद वॉटरलू स्ट्रीटवर १८७८ साली झाली आणि खेसेद एल १९०५ साली. ऑर्चर्ड रोड आणि थॉमसन रोड इथे त्यांच्या जुन्या दफनभूमी होत्या. शहर वाढलं, मेट्रो आली, आणि १९८० च्या दशकात त्या जागा रिकाम्या कराव्या लागल्या. तिथले अवशेष चोआ चू कांगला आणले. आज सिंगापूरची ज्यू दफनभूमी तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात घेण्यासारखी. सिंगापूरमध्ये जागा कमी, म्हणून १९९८ पासून दफनाची मुदत १५ वर्षांची केली आहे. मुदत संपली की कबर उघडतात आणि ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे अवशेषांची पुढची व्यवस्था करतात. म्हणजे दगडावर कोरलेलं नाव कायमचं, असं धरून चालता येत नाही. नाव टिकतं ते माणसाला ठेवल्याने, किंवा घरच्या वहीत लिहिल्याने.

कोकणातली नावं : जी आणि बाई

आपले पूर्वज कुलाब्याच्या गावांत तेल गाळत, शेती करत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुरुषांची नावं बायबलमधलीच होती, पण ती मराठी तोंडात बसली आणि शेवटी मानाचा 'जी' लागला. जुन्या कागदांत नाव सापडलं तर ओळखता यावं, म्हणून ही यादी :

• सामाजी : मूळ शमुएल, पुढे सॅम्युएल. देवाने ऐकलं, असा अर्थ लावतात.
• हसाजी : मूळ यहेज्केल, पुढे एझेकिएल. देव बळ देतो.
• एलोजी : मूळ एलियाहू, पुढे एलायजा. याह हाच माझा देव.
• आबाजी : मूळ अव्राहाम, पुढे अब्राहम. अनेकांचा पिता.
• इसाजी : मूळ यित्झाक, पुढे आयझॅक. तो हसेल.
• अकूबजी : मूळ याकोव, पुढे जेकब.
• इसूबजी : मूळ योसेफ, पुढे जोसेफ. देव आणखी देवो.
• बनाजी : मूळ बिन्यामिन, पुढे बेंजामिन. उजव्या हाताचा पुत्र.
• मुसाजी : मूळ मोशे, पुढे मोझेस.
• दाऊदजी : मूळ दाविद, पुढे डेव्हिड. प्रिय.

यातलं सगळ्यांत नावाजलेलं उदाहरण सामाजी हसाजी दिवेकर यांचं. इंग्रजी कागदांत ते सॅम्युएल एझेकिएल दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, सुटून आल्यावर १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. ती शाआर हारहमीम, म्हणजे कृपेचं द्वार. ती आज ज्या रस्त्यावर आहे त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात, त्यांच्याच नावावरून. घरात सामाजी आणि रस्त्याच्या पाटीवर सॅम्युएल : एकाच माणसाच्या नावाची ही दोन रूपं.

बायकांचं वेगळं होतं. त्यांची नावं बहुतेक शेजारपाजारच्या मराठी बायकांसारखीच असत आणि शेवटी 'बाई' लागे. सारा, रिबेका, रेचल, लिआ ही नावं घरोघर आली ती पुढे, एकोणिसाव्या शतकात. म्हणून पणजीचं नाव अगदी मराठी निघालं तर चकित होऊ नये.

नावं बदलली कशी

पहिला बदल शाळा आणि पुस्तकांमुळे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा निघाल्या, मराठी बायबल हातात आलं, कोचीनच्या गुरुजींनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या, बगदादी लोकांशी संबंध आला. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांनी लिहिलेला समाजाचा इतिहास १८९७ साली तयार होता, पण छापला गेला १९३७ साली तेल अवीवमध्ये. त्यांचं स्वतःचं नाव पाहा. हाइम म्हणजे जीवन. त्यांच्या पिढीपर्यंत 'जी' गळून गेला होता.

दुसरा बदल इंग्रजी अमलात. रेल्वे, पोस्ट, फौज, इस्पितळ यांत आपली माणसं गेली. सॅम्युएल, सॉलोमन यांच्या जोडीला व्हिक्टोरिया, फ्लोरा, डेझी, लिली, रूबी, आल्बर्ट आले. पण सगळ्यांनीच तसं केलं नाही. डॉ. जेरुशा झिराड (१८९० ते १९८४) या मोठ्या स्त्रीरोगतज्ज्ञ, १९६६ च्या पद्मश्री. त्यांचं जेरुशा हे नाव तनाखमधलं, योथाम राजाच्या आईचं. कवी निसिम एझेकिएल (१९२४ ते २००४) यांच्या नावाचा अर्थ चमत्कार.

तिसरा बदल स्वातंत्र्याच्या आगेमागे. लीला, नलिनी, सुशीला अशी नावं आपल्या घरांत दिसू लागली. नृत्यांगना लीला सॅमसन यांचे वडील व्हाइस अॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन. वडिलांचं नाव पूर्ण बायबलमधलं, मुलीचं भारतीय. मोबाइल क्रेशेस ही मजुरांच्या मुलांसाठीची संस्था १९६९ साली सुरू करणाऱ्या मीरा महादेवन जन्माच्या मिरियम जेकब मेंदरेकर. मिरियमची मीरा झाली, पण त्यांनी हिंदीत लिहिलेली 'अपना घर' ही कादंबरी आपल्याच समाजावर आहे. नाव बदललं म्हणून घर विसरलं, असं नव्हे.

चौथा बदल इस्रायलला गेल्यावर. मोझेसचा मोशे झाला, जेकबचा याकोव, सॉलोमनचा श्लोमो. मुली याएल, इलाना, रोनित झाल्या. इंग्रजी काळात झाकलं गेलेलं हिब्रू रूप तिथे परत वर आलं.

हल्ली कोणती नावं वाढत आहेत

आपण ज्यांना म्हाताऱ्यांची नावं समजत होतो, ती जगभर लहान मुलांना ठेवत आहेत, आणि ठेवणारे सगळे ज्यू नाहीत. अमेरिकेत १९९९ पासून २०१२ पर्यंत मुलांमध्ये जेकब हे नाव पहिलं होतं. पुढची चार वर्षं नोआह पहिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ आणि २०२२ साली नोआहच पहिला. अमेरिकेत एलायजा पहिल्या दहांत पोहोचला. एझ्रा, लेवी पहिल्या पन्नासांत, आणि आपला एझेकिएल पहिल्या शंभरांत. म्हणजे आपले एलोजी आणि हसाजी तिकडे फॅशनमध्ये आहेत, बरं का!

इस्रायलमध्ये ज्यू मुलांत दाविद आणि आरिएल ही नावं अलीकडे खूप ठेवतात. मुलींमध्ये तामार, अविगाईल, नोआ, माया. तामार म्हणजे खजुराचं झाड.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. नोआह आणि नोआ ही दोन वेगळी नावं आहेत. नोआह मुलाचं, तारवातला नोआह, हिब्रूत नोआख, अर्थ विसावा. नोआ मुलीचं. सलाफहादच्या पाच मुलींपैकी ती एक. बाप मुलाविना वारला तेव्हा या पाच बहिणी मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून वतनात वाटा मागितला. तो त्यांना मिळाला. नातीचं नाव नोआ ठेवलं तर ही गोष्ट तिला जरूर सांगावी.

काही नावं दोन्ही भाषांत चालतात, म्हणून परदेशातल्या आईबापांना ती आवडतात. अमित मराठीत अमर्याद, हिब्रूत सोबती. रीना हिब्रूत आनंदाचं गाणं. माया दोन्हीकडे आहेच. शीरा म्हणजे हिब्रूत गीत, पण आपल्याकडे नाव सांगितलं की पाहुणे वाटीचमचा शोधतील, हे आधी सांगून ठेवावं.

नाव परत येतं, मग हरवतं काय

नाव परत येणं चांगलंच. पण यादीतून उचललेला एझेकिएल आणि पणजोबांचा एझेकिएल यात फरक आहे. पहिल्याच्या मागे कोणी उभं नसतं. आजोबांचं नाव नातवाला ही आपली जुनी रीत. म्हणूनच कागदांत सॅम्युएल एझेकिएल, मग एझेकिएल सॅम्युएल, मग परत सॅम्युएल एझेकिएल अशी साखळी दिसते. ती वाचता आली तर चार पिढ्या हातात येतात.

साखळी माहीत असण्याची किंमत आपल्या समाजाला एकदा कळली आहे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी सूचना काढल्या की बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर ज्यूंशी व्हायचं असेल तर त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्या. आपले लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४ साली क्नेसेटमध्ये चर्चा झाली आणि बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, हे सरकारने मान्य केलं. त्या दिवसांत लोकांना आजीचं, पणजीचं नाव सांगावं लागत होतं. बायकांची नावं मात्र घरांत सगळ्यांत कमी लिहून ठेवलेली असतात.

आडनावाचंही तसंच. आपल्यात गावावरून आलेली शंभरांहून जास्त आडनावं आहेत, पण पुष्कळांनी 'कर' सोडला आणि बापाचं नावच आडनाव केलं. मग नातवंडाला आपण अवास, नवगाव की झिराडचे, हे कळायला दुसरी खूण उरत नाही.

वहीत काय लिहावं

• प्रत्येकाचं घरातलं नाव, कागदावरचं नाव आणि हिब्रू नाव, तिन्ही. उदाहरणार्थ, शमुएल बेन यहेज्केल. मुलगी असेल तर 'बेन' ऐवजी 'बत'. तोरापुढे बोलावताना, केतुब्यात आणि कबरीच्या दगडावर हेच लागतं.
• आईचं, आजीचं, पणजीचं नाव, माहेरच्या आडनावासकट. मराठी नाव असेल तर तेही तसंच.
• इंग्रजी स्पेलिंग. हाइम हे एकच नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. ती सगळी रूपं लिहावी.
• गावाचं नाव, आणि 'कर' कधी सोडला ते माहीत असल्यास.
• कोण कुठे पुरलेलं आहे.

मूल परदेशात जन्मलं तर घाई लक्षात ठेवावी. मुलग्याचं नाव आठव्या दिवशी लागतं. सरकारी नोंदीला सिंगापूरमध्ये ४२ दिवस मिळतात. म्हणून बाळ येण्याआधीच घरातल्या वडीलधाऱ्यांनी फोन करावा. नाव लादू नये. फक्त सांगावं की आपल्यात ही ही नावं होती, या माणसाचं हे होतं, आणि तो असा असा होता. निवड आईबापांची.

माझ्या नातीने नाव बदललं नाही, एझेकिएलच ठेवलं. ब्रित मिलाच्या दिवशी मी मोबाइलवर पाहत होते. एलियाहू हन्नाबीची खुर्ची मांडली होती. इकडे आम्ही मलिद्याचे पोहे, गूळ, खोबरं आणि फळं ताटात मांडली. नाव पुकारलं गेलं तेव्हा नातीने फोन जवळ घेतला आणि विचारलं, "आजी, ते दुसरं काय होतं? गावातलं?"

मी सांगितलं. आता ते बाळाला पाळण्यात हसाजी म्हणतात.