सुट्टीतल्या प्रेमकथा आणि घरकामाची रजा

सुट्टीतल्या हलक्याफुलक्या प्रेमकथांचं नाव काढलं की आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं नाक मुरडतो. वर्षानुवर्षं मुरडलं. पण त्या आवडतात का, हे एका जुन्या उदाहरणावरून पाहू.

एलिझाबेथ फॉन आर्निम १९२१ मध्ये इटलीत पोर्टोफिनोच्या किल्ल्यात राहिल्या. १९२२ मध्ये त्यांची ‘द एन्चांटेड एप्रिल’ ही कादंबरी आली. लंडनच्या पावसाळी दिवशी दोन विवाहित स्त्रिया वर्तमानपत्रात जाहिरात वाचतात: इटलीतला किल्ला एप्रिलभर भाड्यानं देणे आहे. भाडं ६० पौंड. ते परवडावं म्हणून आणखी दोघींना सोबत घेतात. पुढे नवरेही तिथे पोहोचतात, विटलेले संसार पुन्हा जुळतात. प्रेम आहेच. पण वाचणारीला खरं सुख त्याआधीच मिळतं. पहिल्या सकाळी नायिकेला जाग येते तेव्हा खोलीत ती एकटी असते, बस्स!

ब्रिटनमध्ये कामगारांच्या पगारी रजेचा कायदा १९३८ मध्ये झाला. घरकामाला मात्र कुठल्याच कायद्यानं रजा नव्हती. ती अशा कादंबऱ्यांनी दिली, निदान वाचण्यापुरती. आपल्याकडे माहेरपण होतं. पण माहेरी ती कुणाची तरी लेक असते. त्या किल्ल्यात ती कुणाचीच कुणी नसते.

अशा वाचनाला आम्ही ‘पलायन’ म्हणत आलो. ती बाई कशापासून पळतेय, हे मात्र कधी विचारलं नाही. ती चूक आमची.