घरचा राउटर : बदलावा कीं ठेवावा?

चालतें यंत्र टाकून नवें आणावें कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढें केव्हां ना केव्हां येतोच. घरांतील संगणक व दूरध्वनि तारेवांचून इंटरनेटला जोडणाऱ्या राउटरच्या बाबतींत त्याचें उत्तर दुकानदाराच्या जाहिरातीपेक्षां त्या यंत्राच्या इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें.

वाय-फायची पहिली नियमावली 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेनें १९९७ सालीं संमत केली. तिची कमाल गति सेकंदास २० लक्ष बिट होती. २·४ गिगाहर्ट्झच्या लहरपट्ट्यावर ती १९९९ मध्यें १ कोटि १० लक्ष व २००३ मध्यें ५ कोटि ४० लक्ष झाली. भारतानें हा पट्टा २००५ सालीं परवान्यांतून मुक्त केला. परंतु बाहेरून येणारी जोडणीच मंद असेल, तर शीघ्र राउटरचा उपयोग काय? पन्हळ रुंद केल्यानें पाऊस वाढत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. पहिल्या नियमावलींतील गुप्ततेची 'वेप' ही पद्धति सदोष असल्याचें फ्लूरर, मँटिन व शमीर या संशोधकांनीं २००१ सालीं दाखविलें. पुरेसे संदेश टिपून ठेवले, तर परक्यास तिची किल्ली काढतां येत असे. यंत्र मात्र पूर्ववत् चालत राही आणि मालकास कांहींच कळत नसे. २००३ मध्यें आलेली 'डब्ल्यूपीए' पद्धति अशा बेतानें रचिली होती कीं, पुष्कळशा जुन्या यंत्रांत केवळ आज्ञावली बदलून ती बसावी. २००४ मधील 'डब्ल्यूपीए-२' ही त्याहून भक्कम. परंतु तिचा भार अनेक जुन्या यंत्रांस झेपला नाहीं व तीं बदलावींच लागलीं. २०१७ सालीं तिच्यांतही दोष आढळला. तो नव्या आज्ञावलीनें दुरुस्त होण्याजोगा होता. ज्यांच्या निर्मात्यांनीं दुरुस्त्या देणें थांबविलें होतें, तीं यंत्रें तेवढीं उघडीं राहिलीं.

यावरून निर्णय सोपा होतो. संगणक तारेनें राउटरला जोडूनही गति मंदच असेल, तर दोष बाहेरच्या जोडणीचा. तारेनें शीघ्र व दूरच्या खोलींत मंद असेल, तर राउटर कपाटांतून काढून घराच्या मध्यावर ठेवून पाहावा. निर्माता दुरुस्त्या देत असेल व 'डब्ल्यूपीए-२' किंवा २०१८ मधील 'डब्ल्यूपीए-३' पद्धति यंत्रांत असेल, तर खर्चाची घाई नको. दुरुस्त्या बंद झाल्या असतील, तर मात्र यंत्र कितीही उत्तम चालो, तें बदलावें. कारण घरचा पत्रव्यवहार आणि बँकेचे व्यवहार त्याच वाटेनें जातात.