मॉरिशस : छोट्या बेटाची वाढ आणि दुसऱ्यांचे नियम

छोट्या बेटांच्या अर्थकारणाचा प्रश्न आज आपण एकाच बेटावरून समजून घेऊ. मॉरिशस. आकार सुमारे 2000 चौरस किलोमीटर, गोव्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-सातारा भागातली माणसं मुंबई बंदरातून गिरमिटावर तिथे गेली. त्यांच्या वंशजांना आजही तिथल्या शाळांत मराठी शिकता येते.

अशा बेटाची मूळ अडचण काय? घरची बाजारपेठ लहान. मोठा कारखाना काढावा तर माल घेणार कोण? आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्याशिवाय खर्च उतरत नाही. म्हणजे निर्यात आलीच. आणि निर्यात आली की नियम दुसऱ्याचे.

पहिला नियम लंडनचा. 1825 मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचा कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच केला. झालं, सगळं बेट उसाखाली जाऊ लागलं. गुलामगिरी संपली तेव्हा मळेवाल्यांनी 1834 पासून गिरमिटिये आणले. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख, बहुतेक भारतातले. साखर वाढली खरी, पण मुख्यतः हात वाढले म्हणून आणि जमीन वाढली म्हणून. इथे आम्ही एक भेद करू इच्छितो. एकूण उत्पादन वाढणं ही वाढ. एका माणसाच्या श्रमातून अधिक निपजणं ही उत्पादकता. पहिली दुसरीशिवाय होऊ शकते, पण फार काळ नाही.

1961 मध्ये जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने (पुढे 1977 मध्ये त्यांना नोबेल मिळालं) या बेटाबद्दल निराशेचा सूर लावला. हिवताप आटोक्यात आला होता, लोकसंख्या भराभर वाढत होती, आणि निर्यात जवळजवळ सगळी साखरेचीच. तर्क चुकीचा नव्हता. तरी भाकीत फसलं. का?

1968 मध्ये स्वातंत्र्य मिळालं. 1970 मध्ये निर्यातीसाठी करसवलतीचा कायदा झाला आणि कापडाच्या गिरण्या आल्या. 1975 मध्ये युरोपशी साखरेचा करार झाला : दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर ठरलेल्या भावाने, आणि तो भाव बऱ्याच वर्षी जागतिक भावाहून खूप चढा. आता बघा, असाच करार फिजी आणि जमैका यांनाही मिळाला होता. मॉरिशसचं वेगळेपण हे, की साखरेच्या नफ्यातला काही भाग गिरण्यांत आणि हॉटेलांत गेला, आणि 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. उसंत सगळ्यांना मिळाली. ती वापरली थोड्यांनी.

पण गिरण्यांत कोण होतं? मुख्यतः बायका, आणि बऱ्याच वर्षांपर्यंत त्यांचं किमान वेतन पुरुषांहून कमी होतं. म्हणजे बेटाच्या वाढीला स्वस्त हातांचा आधार होताच.

मग नियम बदलले. 2004 च्या अखेरीस कापड व्यापारातले जागतिक कोटे संपले. 2006 पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला. गिरण्या बंद पडल्या, हजारो बायकांचं काम गेलं. देश बँकिंग, पर्यटन, संगणक सेवा यांकडे वळला. एकूण आकडे सावरले. पण वीस वर्षं शिलाई केलेली, शाळा अर्धवट सुटलेली बाई बँकेच्या काउंटरमागे कशी जाणार?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. दुसऱ्याने दिलेला चढा भाव ही उत्पादकता नव्हे. तो शिकायला मिळालेला वेळ असतो. मॉरिशसने तो बऱ्यापैकी वापरला, म्हणूनच मीड यांचं भाकीत खोटं ठरलं. पण तो वेळ प्रत्येकाच्या वाट्याला सारखा आला नाही. एखाद्या देशाची प्रगती झाली असं आपण म्हणतो तेव्हा कुणाच्या शिकण्याची बेरीज करतो आणि कुणाला त्या बेरजेतून वगळतो, हे विचारायला हवं. या प्रश्नावर तुम्हीही विचार करा.